सस्कॅचेवनमधील सार्वजनिक आरोग्यविमा आणि संघीय अनुदान

कॅनडाच्या सस्कॅचेवन या शेतीप्रधान प्रांतात विसाव्या शतकात उभी राहिलेली शासकीय आरोग्यविम्याची पद्धती आणि तिला ओटावा येथील संघशासनाकडून मिळत गेलेले अर्थसाहाय्य. कॅनडातील सर्व प्रांतांत चालणाऱ्या सार्वजनिक आरोग्यविम्याचा उगम या प्रांतात झाला, ही गोष्ट सर्वमान्य आहे. तथापि ही योजना व संघीय अनुदान यांचा संबंध पुष्कळदा उलट्या क्रमाने सांगितला जातो. संघशासनाने पैसा दिला म्हणून प्रांताने योजना आखली, असे घडलेले नाही. प्रांताने रुग्णालयविमा आधी स्वतःच्या खर्चाने चालविला. त्याचा सुमारे निम्मा भार संघशासनाने अकरा वर्षांनी उचलला आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या पैशाच्या बळावर प्रांताने डॉक्टरांच्या सेवेचा विमा हाती घेतला. अनुदान कोणत्या सेवेसाठी व कोणत्या सूत्राने मिळते, यावर पुढे कोणत्या प्रकारची सेवा वाढली आणि कोणता रुग्ण बाहेर राहिला, हेही बऱ्याच अंशी ठरत गेले.

घटनात्मक पार्श्वभूमी : १८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका ॲक्टनुसार नौकानयनाशी संबंधित रुग्णालये वगळता इतर सर्व रुग्णालये प्रांतांच्या अखत्यारीत आली; संघशासनाकडे विलग्नवास व खलाशांची रुग्णालये एवढेच विषय राहिले. त्या काळी रुग्णालय ही धर्मादाय संस्था मानली जात असल्याने ते प्रांतांवर सोपविण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. प्राप्तीवरील करासारखी भरघोस उत्पन्नाची साधने मात्र पुढे मुख्यतः संघशासनाच्या हाती गेली. भारतीय राज्यघटनेतही सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे विषय राज्यसूचीत आहेत आणि मोठी करसाधने केंद्राकडे आहेत; त्यामुळे हा पेच आपल्या वाचकास अपरिचित वाटू नये. संघशासनाला प्रांतांच्या विषयात कायदा करता येत नाही. पण पैसा देताना त्यास अटी जोडता येतात. कॅनडाच्या आरोग्यधोरणाचा सगळा इतिहास या एका सवलतीवर उभा आहे. अशा स्वरूपाचे पहिले संघीय आरोग्य अनुदान १९१९ मध्ये गुप्तरोगांच्या प्रतिबंधासाठी देण्यात आले. ते अल्प होते व १९३० नंतरच्या मंदीत बंद पडले.

सस्कॅचेवन १९०५ मध्ये प्रांत झाला. एकशेसाठ एकरांच्या तुकड्यांवर वसलेली गव्हाची शेती, एकमेकांपासून दूर असलेली घरे, लांबच लांब हिवाळा व लोहमार्गाच्या कडेने वाढलेली छोटी गावे, असे त्याचे रूप होते. एवढ्या विरळ वस्तीत खाजगी डॉक्टराचा चरितार्थ चालणे अवघड असे. पीक बुडाले की प्रथम डॉक्टराचे बिल थकत असे. १९१५ मध्ये सार्निया या ग्रामीण म्युनिसिपालिटीतील डॉक्टर सैन्यात जाण्याच्या विचारात होता. त्याने गाव सोडू नये म्हणून म्युनिसिपालिटीने त्यास वार्षिक १,५०० डॉलर देऊ केले. जमिनीवरील करातून डॉक्टरास पगार देण्याची ही ‘म्युनिसिपल डॉक्टर’ पद्धत पुढील वर्षी कायद्याने मान्य झाली. त्याच वर्षी, १९१६ मध्ये, अनेक ग्रामसंस्थांनी मिळून रुग्णालय बांधावे व करातून चालवावे, अशीही तरतूद झाली. सामाईक धान्यकोठार उभारणाऱ्या शेतकऱ्यास सामाईक डॉक्टर वा सामाईक रुग्णालय ही कल्पना परकी वाटली नाही. १ जानेवारी १९२९ पासून क्षयरोगाचे निदान व उपचार सर्व रहिवाशांना विनामूल्य देणारा हा कॅनडातील पहिला प्रांत ठरला. येथवर ओटावाचा काहीही वाटा नव्हता.

यानंतरच्या अवर्षणाने व मंदीने प्रांताची कंबर मोडली. १९२८–२९ च्या सुमारास ४७८ डॉलर असलेले दरडोई उत्पन्न १९३३ मध्ये १३५ डॉलरांवर आले. दुष्काळी भागातील डॉक्टरांना प्रांतशासनाकडून निर्वाहापुरता मासिक भत्ता देण्याची वेळ आली. पुढे १९६२ मध्ये शासकीय विम्याविरुद्ध संप पुकारणाऱ्या डॉक्टरांच्या याच प्रांतिक संघटनेने १९४२ मध्ये शासनपुरस्कृत आरोग्यविम्यास पाठिंबा दिला होता, तो या अनुभवामुळेच.

रुग्णालयविमा : जून १९४४ च्या निवडणुकीत को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या समाजवादी पक्षाने विधिमंडळाच्या ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. टॉमी डग्लस (१९०४–८६) हे पंतप्रधान झाले (कॅनडात प्रांताच्या मुख्यमंत्र्यासही त्या काळी असे संबोधीत) व आरोग्यखातेही त्यांनी स्वतःकडे ठेवले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहासकार हेन्री सिगरिस्ट (१८९१–१९५७) यांना बोलावून त्यांनी पाहणी करविली. ऑक्टोबर १९४४ मध्ये सिगरिस्ट यांनी प्रादेशिक आरोग्यकेंद्रे, ग्रामीण रुग्णालये व टप्प्याटप्प्याने सर्वांना विनामूल्य सेवा यांची शिफारस केली. १९४५ च्या आरंभापासून निवृत्तिवेतनधारक वृद्ध, विधवा व निराधार यांना वैद्यकीय सेवा विनामूल्य मिळू लागली. १९४६ मध्ये हवाई रुग्णवाहिका सुरू झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नैर्ऋत्येकडील स्विफ्ट करंट विभागात सुमारे पन्नास हजार लोकवस्तीसाठी डॉक्टर व रुग्णालय या दोहोंचा सर्वंकष विमा लागू झाला. स्विफ्ट करंटचा प्रयोग स्थानिक लोकांनी स्वतःच्या करांतून चालविला होता. प्रांतव्यापी विमा व्यवहार्य आहे काय, या प्रश्नाला तेथील हिशेबाच्या वह्यांनी वादविवादांपेक्षा चांगले उत्तर दिले.

याच सुमारास ओटावात एक मोठी संधी हुकली. १९४५ च्या संघ-प्रांत परिषदेत संघशासनाने आरोग्यविम्याच्या अंदाजित खर्चाचा मोठा वाटा उचलण्याचा प्रस्ताव मांडला होता. मात्र त्याच्या मोबदल्यात प्रांतांनी प्राप्तीवरील कर संघाकडेच राहू द्यावेत, अशी अट होती. आँटॅरिओ व क्वीबेक या मोठ्या प्रांतांना ती मान्य झाली नाही व १९४६ मध्ये परिषद विस्कटली. औद्योगिक प्रांतांना स्वतःची करसाधने होती. गव्हाच्या भावावर जगणाऱ्या सस्कॅचेवनला ती नव्हती. तरीही डग्लस शासनाने वाट पाहिली नाही. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतातील जवळजवळ प्रत्येक रहिवाशास रुग्णालयविमा सक्तीने लागू झाला. माणशी वार्षिक ५ डॉलर व कुटुंबास कमाल ३० डॉलर इतकी वर्गणी होती; तूट प्रांताच्या सर्वसाधारण महसुलातून भरून काढण्यात येई. उत्तर अमेरिकेतील ही पहिली सार्वत्रिक रुग्णालयविमा योजना होय.

संघशासनाचे पहिले मोठे साहाय्य १९४८ मध्ये आले, पण ते विम्यासाठी नव्हते. आरोग्यमंत्री पॉल मार्टिन (थोरले) यांच्या कारकीर्दीत वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलरांची राष्ट्रीय आरोग्य अनुदाने सुरू झाली. त्यांत रुग्णालयाच्या प्रत्येक नव्या खाटेमागे १,००० डॉलर देण्याची तरतूद होती व प्रांताने तेवढीच भर घालावयाची होती. सस्कॅचेवनमध्ये रुग्णालयांचा खर्च भागविणारी योजना आधीच चालू असल्याने या अनुदानाचा लाभ घेण्यास गावे उत्सुक होती. आठदहा खाटांचे रुग्णालय असलेली खेडी वाढली आणि लोकसंख्येच्या मानाने रुग्णालयीन खाटांच्या बाबतीत हा प्रांत देशात अग्रेसर ठरला. त्या वेळी ही अभिमानाची गोष्ट होती. पुढे याच खाटांचा भार प्रांतास पेलवेनासा झाला.

१९५७ चे सूत्र : ब्रिटिश कोलंबिया व ॲल्बर्टा यांनीही रुग्णालयविमा सुरू केल्यावर आणि आँटॅरिओने मागणी लावून धरल्यावर संघशासनास हात आखडता घेणे अशक्य झाले. एप्रिल १९५७ मध्ये रुग्णालयविमा व रोगनिदानसेवा कायदा संसदेत एकमताने संमत झाला. निदान सहा प्रांत सहभागी झाल्यावाचून तो अंमलात येणार नाही, अशी त्यात अट होती; ती पुढे सत्तेवर आलेल्या जॉन डीफेनबेकर यांच्या शासनाने काढून टाकली व १ जुलै १९५८ पासून सस्कॅचेवनसह पाच प्रांतांना अनुदान मिळू लागले. डीफेनबेकर स्वतः सस्कॅचेवनमधील प्रिन्स ॲल्बर्ट येथून निवडून आलेले होते.

या कायद्याचे सूत्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. राष्ट्रीय सरासरी दरडोई रुग्णालयखर्चाचा पाव हिस्सा आणि त्या त्या प्रांताच्या दरडोई खर्चाचा पाव हिस्सा, यांची बेरीज करून तिला विमाधारकांच्या संख्येने गुणावयाचे, असे ते सूत्र होते. त्यामुळे कमी खर्चाच्या प्रांतास निम्म्याहून अधिक व जास्त खर्चाच्या प्रांतास निम्म्याहून कमी परतावा मिळे. सरासरीने पाहता रुग्णालयावर खर्चिलेल्या डॉलरामागे पन्नास सेंट ओटावाहून येत. वाढीव खर्चाबाबत हे प्रमाण पाव डॉलराहून फारसे अधिक नव्हते. परंतु रुग्णाच्या घरी जाऊन केलेल्या शुश्रूषेवर किंवा वृद्धांच्या निवासावर खर्च केला, तर एक सेंटही मिळत नसे. घरी राहून बरा होऊ शकणारा रुग्ण रुग्णालयात ठेवणे प्रांताच्या तिजोरीच्या दृष्टीने फायद्याचे ठरे. खेड्यातील वृद्ध हिवाळ्यात स्थानिक रुग्णालयात दाखल होई व वसंतात घरी परते, हा अनेक गावांचा परिपाठ होता. त्यास सूत्राचे पाठबळ मिळाले.

मनोरुग्णालये व क्षयरोगाची आरोग्यधामे यांना या कायद्यातून वगळण्यात आले होते. कारण असे दिले गेले, की तो खर्च प्रांत पूर्वीपासूनच करीत होते. सस्कॅचेवनमध्ये वेबर्न व नॉर्थ बॅटलफर्ड येथे प्रचंड गर्दीची दोन मनोरुग्णालये होती आणि त्यांऐवजी ठिकठिकाणी लहान मनोरुग्णालये बांधावीत अशी योजना प्रांतातील तज्ज्ञांनी आखली होती. ज्या बांधणीच्या चालू खर्चात ओटावाचा वाटा नाही ती मागे पडणे स्वाभाविक होते. हाड मोडलेल्या रुग्णाचा निम्मा खर्च देशाने उचलावा आणि मन बिघडलेल्याचा मुळीच उचलू नये, हा भेद कोणत्याही वैद्यकीय तत्त्वावर आधारलेला नव्हता. तो केवळ हिशेबाचा होता.

डॉक्टरांच्या सेवेचा विमा व १९६२ चा संप : संघीय अनुदान सुरू झाल्यावर वर्षाच्या आत, एप्रिल १९५९ मध्ये, डग्लस यांनी बर्च हिल्स येथील सभेत वैद्यकीय विम्याचा मनोदय जाहीर केला. डिसेंबरमधील नभोवाणीभाषणात त्यांनी योजनेची तत्त्वे मांडली : पूर्वप्रदत्त वर्गणी, सर्वांचा समावेश, सेवेचा उच्च दर्जा, लोकांस जबाबदार असे व्यवस्थापन आणि सेवा देणारे व घेणारे या दोघांची मान्यता. शेवटचे तत्त्व सर्वांत दुर्घट ठरले. १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढविली गेली व शासन विजयी झाले. कायदा नोव्हेंबर १९६१ मध्ये संमत झाला, तोवर डग्लस संघीय राजकारणात गेले होते व वुड्रो लॉइड (१९१३–७२) पंतप्रधान झाले होते. वर्गणी माणशी १२ व कुटुंबास २४ डॉलर इतकी ठेवण्यात आली.

१ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. निवडक रुग्णालयांत तातडीची सेवा चालू होती. शासनाने ब्रिटन व इतर ठिकाणांहून डॉक्टर आणविले. काही गावांत रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर दवाखाने उघडले. ११ जुलै रोजी रिजायना येथे विधानभवनासमोर भरलेल्या विरोधकांच्या मेळाव्यास अपेक्षेच्या मानाने फारच थोडे लोक आले. अखेर ब्रिटनमधील लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने २३ जुलै रोजी सॅस्कटून येथे समझोता झाला. विमा सार्वत्रिक व सक्तीचा राहिला. पण डॉक्टर पगारी सेवक न होता प्रत्येक सेवेमागे शुल्क घेणारा स्वतंत्र व्यावसायिक राहील, हे शासनास मान्य करावे लागले. ज्या प्रांताने पगारी म्युनिसिपल डॉक्टरची पद्धत जन्मास घातली, त्याच प्रांतात ती या समझोत्याने मागे पडली. पुढे संघीय अनुदान आले ते या शुल्कपद्धतीवर चालणाऱ्या विम्याला. त्यामुळे तेवीस दिवसांच्या संपात ठरलेली तडजोड साऱ्या देशाची रीत होऊन बसली.

या संपाच्या काळात कोणतेही संघीय अनुदान वैद्यकीय विम्यास मिळत नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. डीफेनबेकर यांनी १९६१ मध्ये सस्कॅचेवनचेच न्यायाधीश एमेट हॉल (१८९८–१९९५) यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने असा आयोग मागितला तो सार्वत्रिक विमा टळावा या आशेने. परंतु १९६४ च्या अहवालात हॉल यांनी सार्वत्रिक विम्याचीच शिफारस केली. सस्कॅचेवनमधील दोन वर्षांचा अनुभव तोवर हाताशी होता. लेस्टर पिअर्सन यांच्या शासनाने डिसेंबर १९६६ मध्ये वैद्यकीय सेवा कायदा केला व १ जुलै १९६८ रोजी सस्कॅचेवन आणि ब्रिटिश कोलंबिया हे त्यात प्रथम सहभागी झाले. सर्वांचा समावेश, सर्व आवश्यक वैद्यकीय सेवा, प्रांताबाहेरही लाभ आणि सार्वजनिक व्यवस्थापन या चार अटी होत्या. या वेळी सूत्र बदलले : राष्ट्रीय सरासरी दरडोई खर्चाचा निम्मा भाग सर्व प्रांतांस सारखाच. सस्कॅचेवनची लोकसंख्या देशाच्या विसाव्या हिश्श्याएवढीच असल्याने त्याने स्वतः अधिक खर्च केला तरी अनुदानात जाणवण्याजोगी भर पडत नसे; काटकसर केली तर मात्र ती सारी पदरात पडे.

त्याच वर्षी रॉस थॅचर यांच्या शासनाने डॉक्टराच्या दवाखान्यातील प्रत्येक भेटीस दीड डॉलर व रुग्णालयातील वास्तव्यास दररोज अडीच डॉलर असे शुल्क बसविले. संघीय अनुदान त्यामुळे अडले नाही, कारण १९६६ च्या कायद्याची भाषा या बाबतीत सैल होती. नंतरच्या अभ्यासात दिसून आले, की डॉक्टरांच्या सेवेचा एकूण वापर सहा-सात टक्क्यांनी घटला, तर गरीब कुटुंबांचा सुमारे १८ टक्क्यांनी. १९७१ मध्ये सत्तांतर होताच हे शुल्क रद्द झाले. १९७४ मध्ये वर्गणीही बंद झाली.

आदिवासींचा प्रश्न : ओटावाने सस्कॅचेवनच्या भूमीवर दिलेले आरोग्याचे सर्वांत जुने वचन या सर्व कायद्यांच्या आधीचे आहे. १८७६ मध्ये फोर्ट कार्ल्टन व फोर्ट पिट येथे क्री व इतर आदिवासी जमातींशी झालेल्या सहाव्या करारात शासकीय प्रतिनिधीच्या घरी ‘औषधांची पेटी’ ठेवली जाईल, असे कलम होते. हे कलम म्हणजे संपूर्ण वैद्यकीय सेवेची हमी आहे, असे आदिवासी मानतात. संघशासनाने मात्र आपण देतो ती सेवा धोरण म्हणून देतो, हक्क म्हणून नव्हे, अशी भूमिका घेतली. राखीव क्षेत्राबाहेर राहणाऱ्या एका आदिवासी रहिवाशाने रुग्णालयविम्याची वर्गणी भरली नाही म्हणून खटला झाला, तेव्हा दंडाधिकाऱ्याने या कलमाच्या आधारे त्यास निर्दोष ठरविले. पण १९६६ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने पेटीचा अर्थ पेटी एवढाच लावून तो निर्णय फिरविला. संघ व प्रांत यांपैकी खर्च कोणाच्या खाती मांडावयाचा, या वादात हा समाज वेळोवेळी दोहोंच्या मध्ये सापडला आहे.

ठोक अनुदान व त्याचे परिणाम : १९७७ मध्ये खर्चाच्या प्रमाणात वाटा देण्याची पद्धत संपली. तिच्या जागी करांचा काही भाग प्रांतांकडे सोपवून, उरलेली रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीशी जोडून ठोक स्वरूपात देण्यास प्रारंभ झाला. सूत्राच्या बंधनातून सुटका झाल्याने घरगुती शुश्रूषेसारख्या सेवांना वाव मिळाला. परंतु अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे ओटावाचे साधन दुबळे झाले व अनेक प्रांतांत डॉक्टर रुग्णांकडून जादा शुल्क घेऊ लागले. हॉल यांनीच १९८० मध्ये पुन्हा अहवाल देऊन या प्रथेविरुद्ध इशारा दिला. मोनीक बेझँ या आरोग्यमंत्री असताना एप्रिल १९८४ मध्ये कॅनडा आरोग्य कायदा एकमताने संमत झाला. जेवढे जादा शुल्क आकारले जाईल तेवढीच रक्कम अनुदानातून कापण्याची तरतूद त्यात आहे. सस्कॅचेवनने १९८५ मध्ये जादा शुल्क बंद केले व कापलेली रक्कम परत मिळविली.

ठोक रकमेतील वाढ मात्र पुढे संघशासनाच्या मर्जीवर राहिली. ती १९८० नंतर क्रमाक्रमाने रोखली गेली. प्रांत स्वतः कर्जबाजारी झाला होता; १९९३ मध्ये रॉय रोमॅनो यांच्या शासनाने ५२ लहान ग्रामीण रुग्णालयांचा आंतररुग्ण सेवेचा निधी थांबविला व त्यांचे आरोग्यकेंद्रांत रूपांतर केले. ही रुग्णालये ज्या काळात फोफावली, तो खाटांमागे अनुदान मिळण्याचा काळ होता. प्रांतिक संशोधन आयोगाच्या १९९९ च्या पाहणीत या गावांतील मृत्युमान त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही. तथापि ज्या गावात रुग्णालय हीच मोठी नोकरी देणारी संस्था होती, तेथील रहिवाशांचे समाधान अशा आकड्यांनी झाले नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही.

१९९५ च्या संघीय अंदाजपत्रकात अर्थमंत्री पॉल मार्टिन (धाकटे) यांनी आरोग्य, उच्च शिक्षण व समाजसाहाय्य यांची अनुदाने एकत्र करून त्यांतील रोख रक्कम दोन वर्षांत सुमारे १,८५० कोटी डॉलरांवरून १,२५० कोटींवर आणली. त्यांच्या वडिलांनी १९४८ व १९५७ मध्ये ज्या अनुदानांचा पाया घातला होता, त्यांनाच ही कात्री लागली. पंतप्रधान झाल्यावर याच मार्टिन यांनी २००४ मध्ये प्रांतांशी दहा वर्षांचा करार केला व त्यातून वार्षिक सहा टक्के वाढीची हमी दिली. तत्पूर्वी, २००२ मध्ये, रोमॅनो यांच्या अध्यक्षतेखालील संघीय आयोगाने विमाधीन सेवांच्या खर्चात ओटावाचा रोख वाटा निदान २५ टक्के असावा, अशी शिफारस केली होती. २०१४ पासून रोख अनुदान निव्वळ लोकसंख्येच्या प्रमाणात दिले जाते; विरळ वस्ती, लांबचे अंतर वा वृद्धांचे प्रमाण यांना त्यात स्थान नाही. २०१७ पासून वार्षिक वाढ राष्ट्रीय उत्पन्नाशी निगडित असून ती किमान तीन टक्के आहे. २०२३ मध्ये संघशासनाने पाच वर्षांसाठी ती पाच टक्क्यांपर्यंत नेण्याची हमी देऊन प्रत्येक प्रांताशी स्वतंत्र करार करण्याचे ठरविले. सस्कॅचेवनने तो प्रस्ताव तत्त्वतः स्वीकारला. प्रांतातील सर्व विभागीय मंडळे त्यापूर्वीच, डिसेंबर २०१७ मध्ये, एका प्राधिकरणात विलीन झाली होती. अलीकडच्या वर्षांत लहान गावांतील तातडीचे विभाग अधूनमधून बंद ठेवावे लागतात, ते मुख्यतः डॉक्टर व परिचारिका मिळत नाहीत म्हणून.